लाल दोऱ्याचे शून्य

० ते ८

हा भाग माझ्याजवळ नाही.

९

मित्रांनो, माझी गोष्ट नवापासून सुरू होते, कारण मी स्वतःच नवापासून सुरू होते. मी लाकडी मीटरपट्टी आहे. अमरावतीच्या एका कॉलेजात माझे बहुतेक आयुष्य गेले. पट्टी म्हटली की एका टोकाला शून्य असते आणि दुसऱ्या टोकाला शंभर. माझ्या एका टोकाला शंभर आहे. दुसऱ्या टोकाला तिरपी मोड आहे, आणि त्या मोडीजवळची पहिली शाबूत खूण नवाची आहे.

माणसे आपली गोष्ट वर्षांच्या हिशेबाने सांगतात. मला वर्षे कळत नाहीत. मला अंगावरच्या खुणा कळतात. म्हणून जे जिथे माझ्या अंगाला लागले तिथून ते सांगते. मधल्या काही खुणा गाळीन, आणि एकदोनदा मागेही येईन. पण गोष्ट पुढेच जाईल, एवढे सांभाळते.

१४

इथे माझ्या लाकडात गाठ आहे. मी मेळघाटातल्या सागाची. परतवाड्याच्या लाकूडबाजारातून माझी फळी अमरावतीला चंद्रभान सुताराकडे आली. कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी पट्ट्या करून देणे हे त्याचे एक काम होते. त्याने माझ्यावर रंधा मारला, मला घासले, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. मग लोखंडी ठशाने एकेक रेघ माझ्या अंगात दाबली आणि त्या रेघांत काळी लाख भरली. माझ्या रेघा खोल आहेत. डोळे मिटून बोट फिरवले तरी लागतात.

गाठीवर मात्र ठसा बसेना. चंद्रभानने वैतागून बायकोला विचारले, "हे टाकून देऊ काय?"

ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे एक डोळा मिटून पाहिले. "गाठ हाये त का झालं? सरळ त हाये ना."

मित्रांनो, जन्मताच एवढी शिफारस किती जणांच्या नशिबी येते?

३१

इथे माझी लाख सर्वांत आधी झिजली, कारण इथे सर्वांत जास्त बोटे फिरली. प्रयोगशाळेत माझी जागा भिंतीवर होती. लंबकाचा दोरा किती लांब, स्प्रिंग किती ताणली, भिंगापासून पडदा किती दूर, हे सारे मला विचारले जाई. प्रयोग संपला की मऊ फडक्याने पुसून मला पुन्हा खिळ्यावर टांगत. बाहेरून परीक्षक आले तर त्यांच्यापुढे आधी मला ठेवत. माझ्यावर भरवसा होता. त्या दिवसांत मला वाटे की आपण कायम भिंतीवरच असणार.

पुढे आकडे दाखवणारी यंत्रे आली, स्टीलच्या पट्ट्या आल्या. मला कपाटावर ठेवले. मग माझ्या टोकाला फडके बांधून कोळ्याची जाळी काढू लागले. मग पंख्यावर अडकलेला पतंग काढला. मी कुरकुर करीत नाही. जाळी काढणे हेही कामच आहे. फक्त त्या कामाला माझ्या रेघा लागत नव्हत्या.

मग तो मोठा आजार आला. कॉलेज बंद झाले आणि आमच्या खोल्यांत खाटा लागल्या. हवा खेळावी म्हणून कुणीतरी मला खिडकीच्या दाराला टेकण म्हणून लावले. एका दुपारी वावटळ आली, दार जोराने आपटले आणि माझे टोक मोडून पडले. त्या खोलीत माणसे खोकत पडली होती. पट्टीकडे बघायला कुणाला सवड असणार? दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईने माझा तुकडा, पितळी टोपीसकट, कचऱ्यात भरला. मला तिने कपाटामागे उभे केले.

तिथे मी खूप दिवस होते.

५०

आता थेट माझ्या मध्यावर येते.

नवीन शैक्षणिक धोरण आले. कला शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेचा एक विषय घेणे भाग झाले. आमच्याकडे तो विषय होता पायाभूत अंकगणित. शिकवायला चारुशीला मॅडम आल्या, तासिका तत्त्वावर. इथला तास संपला की त्या स्कूटीवरून बडनेऱ्याच्या दुसऱ्या कॉलेजात जात. त्यांचे शिकवणे चांगले होते, पण त्यामुळे त्यांचा एक डोळा घड्याळावर असे.

पहिल्या दिवशीच त्यांना कळले की या वर्गात फार मागून सुरुवात करावी लागणार. ही मुले शाळेत होती तेव्हा शाळा बंद होत्या. घरात फोन एक आणि भावंडे तीन. वरच्या वर्गात सगळेच गेले, पण काही गणिते खालच्या वर्गातच राहून गेली. कुणाला हातचा घेता येत नव्हता, कुणी अपूर्णांक दिसला की खाली पाही. मिशा फुटलेली मुले आणि फळ्यावर बेरीज-वजाबाकी. वर्ग शरमेने गप्प होता.

केयूर नावाचा एक मुलगा होता. शहरातल्या वकिलांच्या घरचा, बोलायला चपळ. तो म्हणाला, "मॅडम, उद्यापासून अंकलिपी आणायची का?"

"आण," मॅडम म्हणाल्या. "आणि पहिल्या पानापासून वाचून दाखव. तू कुठे अडतोस तेही बघू."

वर्ग हसला आणि थोडा मोकळा झाला.

उणे संख्या शिकवायला मॅडमना एक लांब पट्टी हवी होती. शिपायाने कपाटामागून मला ओढून काढले. "मॅडम, हे तुटकी हाये. हिले शून्यच नाही."

मॅडमनी मला रुमालाने पुसले. टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पेढ्यांचे खोके होते. त्याचा लाल दोरा त्यांनी सोडला आणि माझ्या पन्नासाच्या खुणेवर घट्ट बांधला.

"आजपासून शून्य इथे," त्या मुलांना म्हणाल्या. "याच्या उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. शून्य कुठे ठेवायचं ते आपण ठरवतो."

मित्रांनो, मी कितीतरी काळाने पुन्हा पट्टी झाले होते.

४७

दोऱ्यापासून डावीकडे तीन खुणा. म्हणजे आता इथे उणे तीन. या खुणेवर प्रणालीचे बोट पहिल्यांदा टेकले.

प्रणाली भातकुलीहून रोज बसने येई. घरी काळी जमीन, वडील आणि काका शेतात. आजोबा खुशालराव, त्यांना ती आबाजी म्हणे. आबाजींची नजर अधू झाल्यापासून घरात धान्य मोजायचे काम या मुलीकडे आले होते. विकायचे पोते बाजारात काट्यावर जाते, पण घरात ठेवायचे धान्य त्यांच्याकडे अजून पायलीनेच मोजून कोठीत पडते. आबाजी शेजारी बसत आणि ती मोजी. आपल्या मैत्रिणीला, रागिणीला, तिने हे मोठ्या डौलात सांगितले होते. "आमच्या घरी माप माह्या हातचं हाये. आबाजी म्हणतेत, प्रणालीनं मोजलं का दुसऱ्यानं मोजाचं काम नाही."

मॅडमनी विचारले, "उणे तीनपासून अधिक चारपर्यंत किती अंतर?"

पाठ असलेल्या बेरजा प्रणालीला येत. पण शून्याच्या डावीकडचे तिला काहीच पाठ नव्हते. तिथे तिला मोजावेच लागे. तिने सत्तेचाळीसच्या खुणेवर बोट ठेवले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "लाभ." मग पुढच्या खुणेवर, "दोन." त्याच्या पुढे, "तीन."

असे माझ्यावर आजवर कुणी मोजले नव्हते. भिंतीवर टांगलेली असताना इतकी बोटे माझ्यावरून गेली, पण 'लाभ' कुणी म्हटले नव्हते. नंतर माझ्या ध्यानात आले की तिच्या घरी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, आणि मग दोन, तीन, चार.

चोपन्नच्या खुणेवर ती पोहोचली तेव्हा तिच्या ओठांत आठ होते.

"आठ," ती म्हणाली.

"सात," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजले. पुन्हा आठ. मग उणे पाच ते अधिक एक. उत्तर सहा यायला हवे, तिचे आले सात. तिचे प्रत्येक उत्तर एकाने जास्त येई. मॅडमना तिचे ओठ दिसत नव्हते. त्यांना फक्त उत्तर ऐकू येत होते, आणि ते चूक होते.

२३

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला टेबलावर आडवे ठेवले आणि माझ्याशेजारी डस्टर ठेवले. त्याची एक कड माझ्या नवाच्या खुणेला, दुसरी तेविसाच्या.

"किती लांब?"

"तेवीस," केयूर बसल्या जागेवरून म्हणाला.

"प्रणाली?"

तिने बोट फिरवले. "पंधरा."

वर्ग हसला. केयूर म्हणाला, "मॅडम, आमच्या दोघांची सरासरी काढू का?"

"दोघांचंही चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "केयूर, तू सुरुवात बघितलीच नाहीस."

केयूरने मान पुढे काढून पाहिले. "अरे हो. नवापासून आहे. चौदा." आणि तो मागे टेकला. त्याची चूक त्याला सापडली होती, म्हणून ती संपली होती.

"प्रणाली, सुरुवात नवापासून आहे हे तुला बरोबर दिसलं," मॅडम म्हणाल्या. "मग हा एक कुठून आला? मोठ्याने मोज. मी ऐकते."

प्रणालीचे बोट नवाच्या खुणेवर होते. पहिलाच शब्द 'लाभ' बाहेर पडणार, आणि तो या वर्गात पडणार, केयूरपुढे. तिने ओठ मिटून घेतले.

"मॅडम, तिचं मौनव्रत आहे आज," मागून कुणीतरी म्हणाले.

मॅडमनी घड्याळ पाहिले. बडनेऱ्याचा तास होता. "तुझं लक्ष नसतं, प्रणाली," त्या म्हणाल्या. "शेवटी तोंडी परीक्षा आहे. तिथे सगळ्यांना मोठ्यानेच मोजावं लागेल."

वर्ग रिकामा झाला. मला कपाटात ठेवायचे काम रागिणीकडे होते. ती मला उचलायला आली तेव्हा प्रणाली तिथेच बसून होती.

"चाल ना, बस जाईन."

"जाऊ दे."

"केयूरचं कायले मनावर घेतं? त्यानं तं डायरेक्ट तेवीस ठोकले."

"केयूरचं नाही." प्रणाली माझ्याकडे बघत होती. "रागिणी, इथं सात राहते अन् मी आठ मोजून राहिली. दरवेळी. मंग घरी नसन चुकत काय मी? आबाजीले दिसत नाही. मी जे म्हणीन ते खरं. इतके दिवस काय मोजून देलं मी त्याइले?"

"येडी हायेस काय? पायली कुठं, पट्टी कुठं."

"मोजणं तं मोजणंच असते ना."

रागिणीने मला उचलले.

"मी नाही येत आता," प्रणाली म्हणाली. "सगळ्याइपुढं मोजा लागते म्हणे. मले नाही पाहिजे हे कॉलेज."

मित्रांनो, एका खुणेची चूक केवढी? माझ्या अंगावर ती नखाएवढीही नाही. पण ती खूण या मुलीचे कॉलेज हिरावायला निघाली होती, आणि घरात तिला जो मान होता तोही.

५१

५२

५३

या खुणांवर तिचे बोट फिरले नाही. ती आली नाही. वर्ग चालू होता, बाकीची बोटे फिरत होती. उणेतून उणे वजा करणे झाले. केयूर अंकलिपीचा विनोद विसरला आणि फळ्यावर येऊन गणिते सोडवू लागला.

एका तासाला मॅडमनी विचारले, "प्रणाली बरेच दिवस दिसत नाही."

रागिणी उभी राहिली. "मॅडम, तिनं सोडलं कॉलेज. घरी पण माप हातात घेत नाही म्हणे. मूग येऊन पडला तं म्हणते, मले मोजता येत नाही."

मॅडमचा हात माझ्यावर होता. तो तसाच राहिला. त्या दिवशी त्या लगेच बडनेऱ्याला निघाल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी रागिणीला थांबवले. "तिला म्हणावं, एकदा येऊन जा. परीक्षेसाठी नाही. मला भेटायला."

९, पुन्हा

ती आली, पण एकटी नाही. आबाजींना अमरावतीला डोळे दाखवायचे होते. दवाखाना झाल्यावर ते नातीचा हात धरून वर्गात आले. तेव्हा वर्गात मॅडम एकट्या होत्या. खुशालराव उंच होते, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांनी बसण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, मी खुशालराव. हे माही नात. इचं कॉलेज सुटलं ते मी समजू शकतो. पण हे पोरगी मापाले हात लावून नाही राहिली. अंगणात मूग पडून हाये. म्हणते आबाजी, तुमीच मोजा. मले दिसत असतं तं इले कायले सांगतलं असतं? असं काय शिकवलं तुमी इले?"

"मी उणे संख्या शिकवत होते, आजोबा."

"तेच म्हणतो. घरात उणं आणलं तुमी."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली. आबाजी बसले. त्यांचा हात टेबलावर चाचपडत माझ्यावर आला. त्यांनी मला उचलले, बोटांनी रेघा पाहिल्या.

"हे काय होय?"

"मोजायची पट्टी, आबाजी," प्रणाली म्हणाली. "हिच्यावरच चुकते माह्यं."

"मोडली वाटते इकडून."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आजोबा, तुम्ही मोजून दाखवता? इथून इथपर्यंत." त्यांनी आबाजींचा एक अंगठा माझ्या नवाच्या खुणेवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताचे बोट तेराच्या.

आबाजींना कसली शरम? त्यांनी शेतात हाक मारावी तशा आवाजात मोजले. नवावर, "लाभ." दहावर, "दोन." अकरावर, "तीन." बारावर, "चार." तेरावर, "पाच."

मॅडमनी प्रणालीकडे पाहिले. प्रणाली जमिनीकडे बघत होती.

"आजोबा, लाभ म्हणजे?"

"पयलं माप. पयल्या मापाले एक नाही म्हणत आमी. एक म्हटलं का एकच राहते, बरकत होत नाही. लाभ म्हणाचं, मंग दोन. माह्या बापानं तसंच मोजलं. हेही तसंच मोजते." त्यांनी नातीच्या दिशेने मान केली. "काहून, तुमच्याइकडे नाही म्हणत?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. मग हळू आवाजात प्रणालीला म्हणाल्या, "तू हेच म्हणत होतीस ओठांत?"

तिने मान डोलावली.

"मग मी मोठ्याने मोज म्हटलं तेव्हा म्हटलं का नाहीस?"

"हासले असते सगळे."

मॅडमनी खडू उचलला, समजावून सांगायला. पण प्रणाली फळ्याकडे बघत नव्हती. ती आबाजींच्या अंगठ्याकडे बघत होती. तो पुन्हा नवाच्या खुणेवर जाऊन बसला होता.

"आबाजी, अजून एकदा मोजा बरं."

"लाभ," आबाजी म्हणाले.

"थांबा." ती वाकली. "माप कुठं पडलं अजून? तुमी तं नुसता अंगठा ठेवला."

"मंग?"

"पायली रिकामी हाये अजून. ढिगापाशी नुसतं बसलो आपण. रिकाम्या पायलीले लाभ म्हणता काय तुमी?"

आबाजींचा अंगठा माझ्या नवाच्या खुणेवर थांबला. ते विचार करीत होते, आणि विचार करताना त्यांचा अंगठा माझी रेघ घाशीत होता.

"नाही म्हणत," ते म्हणाले. "भरून कोठीत पडली का मंग म्हणतो."

"मंग सरका एक घर. आता म्हणा."

अंगठा दहावर आला. "लाभ." अकरा. "दोन." बारा. "तीन." तेरा. "चार."

"चार," प्रणाली म्हणाली. "नऊ ते तेरा, चार. बराबर हाये." तिने ते मॅडमना सांगितले नाही, स्वतःला सांगितले.

"अन् मुगाचं?" आबाजींनी विचारले.

"मुगाचं कधीच नाही चुकलं, आबाजी. तिथं मी माप पडल्यावरच म्हणते. इथं बसल्याबसल्याच म्हणत होती."

मॅडमनी खडू खाली ठेवला. सांगायचे काही उरले नव्हते. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या उत्तरावर फुल्या मारत राहिले, प्रणाली. तू कशी मोजतेस ते बघायला मला सवड काढायला हवी होती."

"सवड कुठं रायते, मॅडम," आबाजी उठत म्हणाले. "आमचीच बस निघून राहिली."

४७ ते ५४

तोंडी परीक्षेला सारा वर्ग समोर बसला होता. मी टेबलावर होते, दोरा पन्नासावर. केयूरने त्याचे उत्तर मोजायच्या आत सांगून टाकले. मॅडम म्हणाल्या, "मोजून." त्याने मोजले. बरोबर होते.

मग त्यांनी प्रणालीला बोलावले. "उणे तीन ते अधिक चार."

तिने सत्तेचाळीसवर बोट ठेवले. काही बोलली नाही. वर्गाला वाटले, पुन्हा मौन. मला मात्र माहीत होते की पायली रिकामी आहे.

मग बोट सरकले.

४८. "लाभ."

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. एक आवाज, मग दुसरा. तिचे बोट माझ्यावर दाबले गेले. इतके, की रेघेतली उरलीसुरली लाख तिच्या नखाला लागली.

४९. "दोन."

५०. दोऱ्यावरून. "तीन."

५१. "चार."

५२. "पाच."

५३. हसणे थांबले होते. "सहा."

५४. "सात."

"किती?" मॅडमनी विचारले.

"सात."

मॅडमनी गुण लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावले. एवढेच झाले. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. प्रणाली आपल्या जागेवर गेली आणि पुढच्या मुलाचे मोजणे ऐकू लागली.

बाहेर पडताना केयूर टेबलापाशी रेंगाळला. "प्रणाली, ते लाभ काय आहे?"

"पयलं माप."

"मग एक का नाही म्हणत?"

"बरकत जाते."

"आमच्याकडे म्हणतात एक."

"म्हणा मंग," ती म्हणाली आणि रागिणीबरोबर बसकडे गेली.

१००

मित्रांनो, आता माझ्या टोकाशी आले आहे. इथली पितळी टोपी काळी पडली आहे, पण शाबूत आहे.

प्रणाली पास झाली. फार गुण नाहीत, पुरेसे. ती कॉलेजात आहे. दुसऱ्या सत्रात अपूर्णांक सुरू झाले, म्हणजे माझ्या दोन खुणांच्या मधली जागा. तिथे तर चुकायला जागाच जागा. परवा तिने हात वर न करता विचारले, "मॅडम, अर्ध्या मापाले काय म्हणाचं?" कुणी हसले नाही. उत्तर काय येते याची सगळ्यांनाच उत्सुकता होती.

माझ्या रेघांतली लाख आता जवळजवळ गेली आहे. मला सांभाळून ठेवा, एवढे मागते. मोडक्या वस्तूलाही काही काम असते, ते बघितल्याशिवाय तिला फेकू नका. पण त्याहून जास्त एक मागणे आहे. तुमच्या शेजारी बसलेल्याचे उत्तर चुकेल. तुमच्या धाकट्या बहिणीचे चुकेल, कधी तुमच्या आईचेही चुकेल. तेव्हा लगेच फुली मारू नका, आणि हसू तर नकाच. चुकणारा माणूस आपल्या मनाने मोजत नसतो. त्याला कुणीतरी तसे शिकवलेले असते, आणि जिथे तो शिकला तिथे ते खरे असते. त्याच्या बोटाजवळ आपला कान न्या. त्याला म्हणा, पुन्हा मोज, मोठ्याने मोज, मी ऐकतो आहे.